भोपळ्याला पुन्हा रंगमंचावर आणताना

भोपळ्यात बसून प्रवास करणाऱ्या दोघीजणी आपल्याला लहानपणापासून माहीत आहेत. एक राजवाड्यातल्या नाचाला जाते आणि रात्रीचे बारा वाजले की तिच्या गाडीचा पुन्हा भोपळा होतो. दुसरी आपली म्हातारी. लेकीकडे तूप-रोटी खाऊन गुटगुटीत होते आणि ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ म्हणत जंगलातून घरी परतते. पहिलीवर जगभर संगीत नाटकं झाली. दुसरीवरचं एक जुनं, गाण्यांनी भरलेलं बालनाट्य आमचा हौशी गट सध्या नाशिकमध्ये नव्यानं बसवतो आहे. मी त्यात पेटी वाजवते आणि गाण्यांचं सगळं बघते.

मुलांना तालमीला सोडायला येणारे आई-बाबा मला हमखास विचारतात, “जुनंच नाटक आहे ना? मग नव्यानं म्हणजे नेमकं काय करता? कपडे नवीन शिवता?” प्रश्न अगदी रास्त आहे. पण दाराशी उभ्या उभ्या दोन वाक्यांत त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी एक गुंता सोडवू. आपण ‘नाटक’ म्हणतो तेव्हा त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकावर एक बसलेल्या असतात. सगळ्यांत खाली असते मूळ कथा. तिच्यावर कुणीतरी लिहिलेली संहिता, म्हणजे संवाद, पदं आणि त्यांच्या चाली. आणि सगळ्यांत वर प्रयोग: नट, कपडे, नेपथ्य, प्रकाश, वाद्यं. नव्या निर्मितीत वरचा थर बदलतोच, त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही. खरा प्रश्न असतो मधल्या थराचा.

तळातली कथा तर कायम बदलतच आलेली असते. सिंड्रेलाचंच बघा. भोपळा, काचेचा बूट आणि मदतीला येणारी परी हे तिन्ही फ्रान्समधल्या शार्ल पेरोनं १६९७ मध्ये छापलेल्या कथेत आहेत. जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातही हीच मुलगी भेटते, पण तिथे भोपळाही नाही आणि परीही नाही. आईच्या थडग्यावर उगवलेलं झाड तिला उंची कपडे देतं. त्याच्या कितीतरी आधी, नवव्या शतकात चीनमध्ये लिहून ठेवलेल्या कथेत तिच्या मदतीला एका माशाची हाडं येतात. टिकून काय राहतं? घरातला छळ, एका सणाची किंवा रात्रीची संधी, आणि मागे राहिलेलं पायताण. बाकी सगळं ज्या त्या मुलखानं आपापलं घातलं.

म्हातारीच्या गोष्टीचंही तेच. कुणाच्या घरी तिला कोल्हा भेटतो, कुणाच्या घरी लांडगा, कुणाकडे अस्वल. तुमच्या आजीनं सांगितलेली गोष्ट आणि माझ्या आजीनं सांगितलेली गोष्ट या दोन्ही खऱ्या.

पण त्या गोष्टीवर एखाद्या लेखिकेनं नाटक लिहिलं की ते नाटक तिचं होतं. इथे बरेच हौशी गट फसतात. ‘लोककथा आहे, कुणाला विचारायचं?’ असं म्हणून दुसऱ्याची संहिता उचलतात. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क त्याच्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे असतो. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं १८८० चं ‘शाकुंतल’ आज कुणीही करू शकतं. आपल्या नाशिकचे तात्यासाहेब शिरवाडकर १९९९ मध्ये गेले. त्यांच्या नाटकांचा हक्क २०५९ सालाच्या अखेरीपर्यंत शाबूत आहे. शिवाय हक्क विकले किंवा दिले तरी, आपल्या कलाकृतीची मानहानी होईल अशी मोडतोड थांबवण्याचा वेगळा अधिकार कायदा लेखकाला देतो. आणि गाण्यांच्या नाटकात शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची असेल तर परवानग्याही दोन.

आमची संहिता एका शिक्षिकेनं शाळेसाठी लिहिलेली. त्या आता नाहीत. त्यांच्या मुलानं मोठ्या मनानं परवानगी दिली, नवी गाणी घालायलाही हो म्हणाले. अट एकच घातली: ‘टुणूक टुणूक’ची चाल बदलायची नाही, ती आईनं स्वतः लावली होती. तेव्हा मला ही अट जाचक वाटली होती. पुढे तीच आमच्या कामाचा कणा ठरली. संहितेत बदल केले की आणखी एक काम असतं, ते लोक विसरतात. महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. तेव्हा बदललेली संहिता आधी तिकडे, मग प्रयोगाची तारीख.

गाणं तिथे काय करतं?

आता मुद्द्याचं. गद्य नाटक नव्यानं बसवणं आणि संगीत नाटक नव्यानं बसवणं यांत मोठा फरक आहे. गद्य नाटकात तुम्ही एखाद्या प्रसंगाचा अर्थ फिरवलात तर नट तेच वाक्य वेगळ्या सुरात बोलून ते निभावून नेतो. गाण्याला तसं वळवता येत नाही. चाल आधीच ठरवून बसलेली असते की हा क्षण आनंदाचा आहे की भीतीचा. म्हणून मी आमच्या गटाला पहिल्याच बैठकीत म्हटलं, कपडे आणि नेपथ्य नंतर बघू. आधी प्रत्येक गाण्यापुढे लिहा: हे गाणं इथे कोणतं काम करतं? गाणं संपल्यावर नाटक सुरुवातीला होतं तिथेच असेल तर ते गाणं फक्त शोभेचं आहे.

मराठी रंगभूमीनं हा प्रश्न स्वतःला फार पूर्वी विचारला होता. जुन्या संगीत नाटकात पद सुरू झालं की कथा थांबायची. ‘वन्समोअर’ आला की आणखी थांबायची, आणि प्रेक्षकांनाही तेच हवं असायचं. पुढे ते चालेना. १९६४ मध्ये ‘मत्स्यगंधा’ आलं. नाटक वसंत कानेटकरांचं, म्हणजे पुन्हा नाशिकचंच. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं. त्यांनी पदं आटोपशीर ठेवली, शब्द स्पष्ट ऐकू येतील अशा चाली लावल्या. रागदारीची गोडी राहिली आणि नाटकही पुढे सरकत राहिलं. माझ्या मते नव्यानं मांडणी करणाऱ्या कुणीही आधी हे नीट ऐकावं. परंपरा तीच ठेवून गाण्याचं काम कसं बदलता येतं, हे त्यात कानाला कळतं.

अर्थ बदलला की गाणी कमी पडतात, याचं मला आवडणारं उदाहरण सिंड्रेलाचंच आहे. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या अमेरिकन जोडीनं तिच्यावर एक संगीतिका लिहिली. ती आधी टीव्हीसाठी होती. ३१ मार्च १९५७ ला तिचं थेट प्रसारण झालं, ज्युली अँड्र्यूज सिंड्रेला होती आणि दहा कोटींहून जास्त लोकांनी ते पाहिल्याचा अंदाज आहे. हीच संगीतिका २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आली तेव्हा डग्लस कार्टर बीन यांनी संवाद नव्यानं लिहिले. नायिका आता राजपुत्राला राज्यात गरिबांवर होणारा अन्याय दाखवते. एक सावत्र बहीण प्रेमळ आहे, आणि तिचं प्रेम एका चळवळ्या तरुणावर आहे. आणि बूट? बारा वाजता पळताना तो पायातून निसटतो, पण ही मुलगी मागे वळून तो उचलते आणि पळते! पुढे दुसऱ्या प्रसंगी ती तो स्वतःहून, समजून-उमजून मागे ठेवते.

एवढं बदलल्यावर जुनी गाणी पुरेनात. नवी गाणी लिहायला मूळ जोडी हयात नव्हती. हॅमरस्टाइन १९६० मध्ये गेले, रॉजर्स १९७९ मध्ये. मग त्यांच्याच इतर नाटकांतून कापली गेलेली, पडून राहिलेली गाणी शोधली आणि इथे बसवली. एका वेगळ्याच युद्धकाळातल्या नाटकातून वगळलेलं गाणं इथे त्या चळवळ्या तरुणाच्या तोंडी आलं. मला यात कारागिरी दिसते. साडीचा जुना काठ नव्या साडीला लावताना पोत जुळतो का हे बघावं लागतं, तसंच हे.

आमची म्हातारी

आमच्या नाटकात आम्हाला खुपलेली गोष्ट अशी. जुन्या संहितेत सगळं गंमतीचं आहे, मुलं पोट धरून हसतात, ते तसंच राहायला हवं. पण लेक? तिच्यासाठी म्हातारी जीव मुठीत धरून जंगल ओलांडते. तीच आईला खाऊ-पिऊ घालते. भोपळा कोरण्याची युक्तीही तिचीच. आणि तिला एकही गाणं नाही! ‘आई, ह्या भोपळ्यात बस’ एवढं म्हणून ती विंगेत जाते ती परत येतच नाही.

यावर बोलताना आमच्यातल्या एका काकूंनी असं काही सांगितलं की सगळ्या गप्प झालो. पूर्वी कितीतरी घरांत लेकीच्या सासरी आईवडील पाणीसुद्धा पीत नसत. आणि ही म्हातारी सगळ्या जंगलाला ओरडून सांगते, लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन! गोष्ट सांगणाऱ्या बायकांनी हे उगाच घातलं असेल का? घरात आपल्याला जे करता येत नव्हतं, ते त्यांनी गोष्टीतल्या म्हातारीकडून करून घेतलं असं मला मनापासून वाटतं. हा माझा अंदाज आहे, पण तो सुचल्यापासून आमचं नाटक कशाबद्दल आहे ते आम्हाला कळलं. ते माय-लेकीचं नाटक आहे. वाघ मधे येतो एवढंच.

मग लेकीला गाणं हवं होतं. कसं? टाळ्या घेणारं पद तिथे शोभलं नसतं. ती काम करते आहे, भोपळा कोरते आहे. आपल्याकडे बाईच्या हाताला काम आणि मनात माहेर असलं की ओवी येते. म्हणून जात्यावरच्या ओवीची ठेवण घेतली. शब्द आमच्यातल्याच एकीनं लिहिले:

कोरीते भोपळा, बिया ठेवीते सुपात
माय माझी जाते, जीव राहीना घरात

पेटी नाही, तबला नाही. फक्त भोपळा खरवडल्याचा आवाज, त्याच लयीत. पहिल्यांदा म्हटली तेव्हा पहिल्या रांगेतली दंगेखोर मुलंसुद्धा ऐकत राहिली.

आणि गंमत म्हणजे या एका गाण्यामुळे ‘टुणूक टुणूक’ बदललं, चालीतला एक स्वरही न हलवता. ते गाणं तीनदा येतं: कोल्ह्यापुढे, अस्वलापुढे, वाघापुढे. संगीत नाटकातली ही जुनी आणि फार ताकदीची युक्ती आहे. चाल तीच, मात्र मधे काय घडून गेलं त्यानुसार ऐकणाऱ्याला ती वेगळी लागते. जुन्या प्रयोगात तिन्ही वेळा ते एकाच जोशात म्हणत. आता कोल्ह्यापुढे म्हातारी ठसक्यात गाते. अस्वलापुढे दम लागलेला. वाघापुढे तिचा आवाज ‘चल रे भोपळ्या’वर अडकतो, आणि पुढचं ‘टुणूक टुणूक’ प्रेक्षागृहातली मुलं पूर्ण करतात. त्यांना ते सांगावं लागत नाही. ज्यांना चाल पाठ आहे तेच हे करू शकतात, म्हणून ती अट मोलाची होती.

सगळेच बदल असे जमले नाहीत. नाशिकमध्ये बसून ही गोष्ट करायची म्हटल्यावर कुणीतरी सुचवलंच: वाघाचा बिबट्या करू या. कल्पना पटकन भावते. निफाड, सिन्नर, दिंडोरी या भागांत उसात बिबट्या असतो, कधी तो शहरातही शिरतो, पोरांना लगेच ओळखीचं वाटेल. आम्ही दोन तालमी तशा केल्या आणि मी हट्टानं तो बदल मागे घ्यायला लावला. आमच्या गटात मळ्यात राहणारी मुलं आहेत, अंधार पडल्यावर त्यांना अंगणात जाऊ देत नाहीत. त्यांच्यासाठी बिबट्या हा परीकथेतला प्राणी नाही. ‘मी तुला खातो’ हे बिबट्याच्या तोंडून आलं तेव्हा त्यातला एक मुलगा हसलाच नाही. परीकथेला थोडं अंतर लागतं. त्या अंतरामुळेच मूल भीतीशी खेळू शकतं. रोजच्या बातमीतली भीती तशीच्या तशी आणून ठेवली की खेळ संपतो.

मग जंगल आपलं कसं करायचं? त्याचं उत्तर जवळच मिळालं. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पट्ट्यातल्या गावांत बोहाडा होतो. रात्रभर एकामागून एक सोंगं येतात, मोठाले मुखवटे लावून संबळ आणि पिपाणीच्या तालावर नाचतात. आम्ही मुखवट्यांची नक्कल केली नाही. देवाची सोंगं असतात ती, त्यामागे गावाची श्रद्धा असते, ती उचलून कोल्ह्या-अस्वलाला लावणं मला बरोबर वाटलं नाही. आम्ही त्यातली पद्धत घेतली: सोंग बोलत नाही, त्याच्या वतीनं वाद्य बोलतं. त्यामुळे आमचा कोल्हा आणि अस्वल आता गात नाहीत. संबळ वाजला की मुलांना कळतं कोण आलं. मुखवट्यामागून गायलं तर शब्द तसेही नीट ऐकू येत नाहीत, ती अडचणही गेली. गाणं फक्त माणसांना आणि शेवटी एकदा वाघाला.

पट्टी, सेकंद आणि चाकं

वाघाच्या गाण्यानं मला चार रात्री झोपू दिलं नाही. जुन्या प्रयोगात म्हातारीचं काम पुरुष करायचा, त्यामुळे वाघ आणि म्हातारी एकाच पट्टीत, म्हणजे एकच सा धरून, गात. आता म्हातारी बाईच करते आहे. तिची पट्टी काळी चार, म्हणजे तिचा सा पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीवर, आणि वाघाची काळी एक. एकाच पट्टीत गायचं तर एकाला ओरडावं तरी लागेल किंवा दुसऱ्याचा आवाज खर्जात बुडेल. उत्तर पेटीवरच होतं. काळी एकचा पंचम, म्हणजे तिथून धरलेल्या सा चा प, येतो काळी चारवर. वाघ ज्या स्वरावर आपली ओळ सोडतो, तोच म्हातारीचा षड्ज, म्हणजे सा. त्यामुळे तो पंचमावर थांबतो आणि ती तिथूनच स्वतःचा सा धरून सुरू करते. ऐकणाऱ्याला वाटतं, तिनं त्याच्या हातातून गाणं काढून घेतलं. प्रसंगही तोच आहे!

बाकीचं बरंचसं काम हिशेबाचं असतं. जंगल जाऊन घर येईपर्यंत सामान हलवायला ४० सेकंद लागतात. ‘टुणूक’ केरवा तालात आहे, मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत. म्हणजे आठ मात्रांचं एक आवर्तन ४ सेकंदांचं, आणि मला दहा आवर्तनं हवीत. जुन्या चालीत मधलं वाजवणं चारच आवर्तनांचं होतं. उरलेली सहा मी ओवीच्या स्वरांतून बांधली. बघणाऱ्याला ते संगीत वाटतं. खरं तर त्या वेळात दोन मुलं अंधारात चूल सरकवत असतात.

रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावा, सोपं जाईल, असं पुष्कळ जण सुचवतात. खर्च वाचतो हे खरं. पण ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. आठ वर्षांच्या आमच्या कोल्ह्याचं शेपूट भोपळ्याच्या चाकात अडकलं तर मी तोच तुकडा घोळवत राहू शकते, शेपूट सुटेपर्यंत. पूर्वीचे ऑर्गनवाले नटासाठी हेच करत. शिवाय नाट्यगृह बदललं की वेळही बदलते. सार्वजनिक वाचनालयाचं परशुराम साईखेडकर नाट्यगृह आणि महाकवी कालिदास कलामंदिर इथल्या विंगांचं अंतर सारखं नाही. कालिदासमध्ये भोपळ्याला जास्त चालावं लागतं, आणि माझी आवर्तनं त्याप्रमाणे वाढतात.

भोपळ्याबद्दल सांगायचं राहिलंच. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर कापड, खाली चार चाकं, आत म्हातारी वाकून बसते आणि पायांनी ढकलते. तो टुणूक टुणूक उडत नाही. उडण्याचं काम संबळ करतो आणि मुलांना तो उडताना दिसतो. सध्या अडचण एवढीच आहे की मागचं डावं चाक कुरकुरतं. इतर वेळी वाद्यांत ते लपून जातं, पण ओवी संपते, लेक हात सोडते आणि भोपळा निघतो, त्या शांततेत ते स्पष्ट ऐकू येतं. रविवारच्या तालमीआधी त्याला तेल द्यायचं आहे.